मॉनिटरचे रिझोल्यूशन पुन्हा पुन्हा बिघडते : आधी काय तपासावे, नंतर काय आणि कोठे थांबावे

लक्षणे

या बिघाडाचे सर्वांत जास्त आढळणारे लक्षण असे की संगणक सुरू होतो, चित्र येते, रंगही ठीक असतात, परंतु सगळेच मोठे आणि आडवे ताणलेले दिसते. आयकॉन फुगतात, छायाचित्रातील चेहरे रुंद होतात आणि मराठी मजकुरातील ‘ठ’चा गोल दोन्ही बाजूंना पसरतो. १०२४ × ७६८ (आडवे ठिपके × उभे ठिपके; याच संख्येला रिझोल्यूशन म्हणतात) हे जुन्या चौकोनी पडद्याचे चित्र आजच्या रुंद पडद्यावर पूर्ण पसरवले की ते एक तृतीयांशाने रुंद होते, त्यामुळे फरक लगेच खुपतो. सेटिंगमध्ये जाऊन पाहावे तर यादीत ८०० × ६०० आणि १०२४ × ७६८ एवढेच पर्याय असतात, किंवा यादी करडी पडलेली असते आणि काही निवडताच येत नाही.

दुसरे लक्षण अधिक फसवे आहे. प्रमाण जवळजवळ बरोबर दिसते, पण अक्षरे सुबक उमटत नाहीत. शिरोरेषा एका शब्दावर जाड तर शेजारच्या शब्दावर बारीक दिसते, तिच्या खाली करडी सावली पडते आणि लहान टंकातील अनुस्वार पुसट होतो. चष्म्याचा नंबर वाढला असावा, अशी समजूत करून घेतलेली मंडळी मला याच लक्षणामुळे भेटतात.

याशिवाय चित्राच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणे, चित्राच्या कडा कापल्या जाऊन टास्कबार अर्धवट दिसणे (हे बहुधा टीव्हीचा मॉनिटर केलेल्या घरांत होते) आणि ‘आउट ऑफ रेंज’ किंवा ‘इनपुट नॉट सपोर्टेड’ असा संदेश येऊन पडदा काळा होणे, हीदेखील याच कुळातील लक्षणे होत.

मात्र निदानाच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे : बिघाड केव्हा परत येतो? आज सेटिंग नीट करून ठेवले आणि उद्या सकाळी पुन्हा तेच, लाइट जाऊन आल्यावर नेमके तेच, किंवा सीपीयू आधी आणि मॉनिटर मागाहून सुरू केला की तेच, असे होत असेल तर ते आधी कागदावर टिपून ठेवावे. पुढची बरीच तपासणी त्या एका नोंदीमुळे वाचते.

दोष बहुतेक वेळा कोठे असतो

इंदूरमध्ये रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांतील घरांत आणि लहानमोठ्या संस्थांच्या कार्यालयांत हा एकच बिघाड मी वर्षानुवर्षे दुरुस्त करत आलो आहे. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की मॉनिटरचा पडदा यात क्वचितच दोषी असतो आणि विंडोजही वाटते तितकी दोषी नसते. दोष असतो तो दोघांमधल्या बोलण्यात. तरीही लोक पहिला उपाय करतात तो विंडोज नव्याने टाकण्याचा आणि दुसरा करतात तो नवा मॉनिटर आणण्याचा. ज्या केबलमुळे हे सारे घडले, ती दोन्ही वेळा तशीच राहते.

हे बोलणे असे चालते. प्रत्येक मॉनिटरच्या आत एक लहानशी स्मृती-चिप असते आणि तिच्यात त्या मॉनिटरचे ओळखपत्र साठवलेले असते : निर्माता कोण, मॉडेल कोणते, पडद्याचा आकार काय, कोणती रिझोल्यूशन चालतात आणि त्यांतले कोणते सर्वोत्तम. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. पडद्यांची मानके ठरवणाऱ्या वेसा या संस्थेने १९९४ मध्ये तिचा आराखडा ठरवला आणि तिचा मूळ भाग अवघ्या १२८ बाइटचा असतो. ग्राफिक्स कार्ड (संगणकातील चित्र तयार करून पाठवणारा भाग) हे ओळखपत्र वाचते, ते विंडोजला कळते आणि त्यानुसार रिझोल्यूशनची यादी तयार होते. ओळखपत्र वाचता आले नाही तर संगणक कोणत्याही मॉनिटरला झेपेल असे जुने, लहान रिझोल्यूशन धरून चालतो. चित्र व्यवस्थित येत असूनही रिझोल्यूशन चुकते ते यामुळेच, कारण चित्र ज्या तारांतून येते त्या वेगळ्या आणि ओळख ज्या तारांतून जाते त्या वेगळ्या असतात.

पडद्याचे मूळ रिझोल्यूशन किती?

कोणत्याही सेटिंगला हात लावण्यापूर्वी योग्य रिझोल्यूशन म्हणजे नेमके किती, हे ठरवले पाहिजे. सपाट पडद्यावरील ठिपक्यांची संख्या कारखान्यातच कायमची ठरलेली असते आणि तेवढ्याच संख्येचे चित्र आले तरच अक्षरे स्वच्छ उमटतात. १८.५ इंची मॉनिटर बहुधा १३६६ × ७६८ चा असतो, २० इंचीच्या आसपासचा १६०० × ९०० चा आणि २१.५ ते २४ इंची १९२० × १०८० चा. २७ इंचीमध्ये १९२० × १०८० आणि २५६० × १४४० असे दोन्ही प्रकार मिळतात. जुने १७ आणि १९ इंची चौकोनी मॉनिटर १२८० × १०२४ चे असतात. त्यांचे प्रमाण ५:४ असल्यामुळे तेथे १०२४ × ७६८ चे चित्र आडवे न ताणता किंचित उभे ताणलेले दिसते. हे सर्व अंदाज झाले. खात्रीसाठी मॉनिटरच्या पाठीमागील लेबलवरचा मॉडेल क्रमांक पाहावा आणि निर्मात्याच्या संकेतस्थळावर त्याचे तपशील वाचावेत.

खोक्यावर ‘फुल एचडी सपोर्ट’ असे लिहिलेले असेल तर त्यावर विसंबू नये. ‘एचडी रेडी’ म्हणून विकले गेलेले अनेक टीव्ही १९२० × १०८० चा सिग्नल स्वीकारतात, पण त्यांचा पडदा १३६६ × ७६८ चाच असतो. अशा टीव्हीवर मजकूर किंचित धूसर दिसणे हा बिघाड नाही आणि तो कोणत्याही खटपटीने पुरता जाणार नाही.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

डेस्कटॉपवर उजवे बटण दाबून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडावे. तेथे ‘स्केल’ आणि ‘डिस्प्ले रिझोल्यूशन’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अक्षरे मोठी दिसतात एवढीच तक्रार असेल, प्रमाण बिघडलेले नसेल आणि अक्षरांच्या कडा स्वच्छ असतील, तर बहुतेक वेळा कोणीतरी स्केल १०० टक्क्यांवरून १२५ किंवा १५० वर नेलेले असते आणि रिझोल्यूशन मुळीच बिघडलेले नसते. घरातील ज्येष्ठांनी ते वाचनाच्या सोयीसाठी मुद्दाम केलेले असू शकते, म्हणून बदलण्यापूर्वी विचारून घ्यावे. रिझोल्यूशनच्या यादीत ज्याच्यापुढे ‘रेकमेंडेड’ असे लिहिले आहे तो आकडा आणि आपण शोधलेला मूळ आकडा जुळत असेल तर तो निवडावा. बदल केल्यावर विंडोज १५ सेकंद वाट पाहते आणि आपण होकार दिला नाही तर जुने रिझोल्यूशन परत आणते. त्यामुळे पडदा काळा पडला तरी घाबरून वीज बंद करू नये, हात बांधून बसावे.

‘रेकमेंडेड’चा आकडाच चुकीचा असेल, तर बहुधा ओळखपत्र नीट पोहोचलेले नाही, असे समजावे. असे असताना यादीतून जबरदस्तीने दुसरा आकडा निवडणे हा तात्पुरता इलाज ठरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बिघाड परत येतो तो अशाच ठिकाणी.

याच वेळी विंडोजचे बटण आणि ‘पी’ एकत्र दाबून पाहावे. ‘डुप्लिकेट’ निवडलेले असेल तर संगणक दोन्ही पडद्यांना चालेल असेच रिझोल्यूशन घेतो. अनेक प्रोजेक्टर १०२४ × ७६८ किंवा १२८० × ८०० चे असतात, म्हणून सभागृहातील कार्यक्रमानंतर प्रोजेक्टरची केबल तशीच राहिली की कार्यालयातील मॉनिटरही त्याच्याच पातळीवर उतरतो. प्रोजेक्टर बंद असला तरी केबल जोडलेली असेल तर तो संगणकाला दिसत राहू शकतो. ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ किंवा ‘एक्स्टेंड’ निवडल्यावर चित्र सुधारले तर पुढे काही करण्याची गरज नाही.

यानंतरची तपासणी मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांवरची आहे. ती लोक सहसा करत नाहीत, पण निदान जवळजवळ पूर्ण करते ती हीच. बहुतेक मॉनिटरच्या मेनूमध्ये ‘इन्फॉर्मेशन’ नावाचे पान असते आणि त्यावर सध्या येणाऱ्या सिग्नलचे रिझोल्यूशन व वारंवारता लिहिलेली असते. तेथे १०२४ × ७६८ दिसत असेल तर संगणकच लहान चित्र पाठवत आहे, म्हणून पुढचा शोध केबल, पोर्ट (केबल लावण्याचे तोंड) आणि ड्रायव्हर (ग्राफिक्स चालवणारे सॉफ्टवेअर) यांच्या दिशेने घ्यावा. तेथे १९२० × १०८० दिसत असून चित्र ताणलेले किंवा कापलेले असेल, तर सिग्नल बरोबर आहे आणि मॉनिटर तो मांडताना चुकत आहे. मग ‘आस्पेक्ट रेशो’ किंवा ‘इमेज साइज’ या सेटिंगमध्ये जाऊन ‘४:३’च्या जागी ‘फुल’ किंवा ‘वाइड’ करावे. टीव्हीवर हेच सेटिंग ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा तत्सम नावाने असते आणि ते लावताच कापलेल्या कडा परत येतात, कारण टीव्ही जुन्या प्रसारणाच्या सवयीने चित्र थोडे मोठे करून कडा पडद्याबाहेर ढकलत असतो.

व्हीजीए (स्क्रूने बसणारी, तीन ओळींत पिना असलेली जुनी) केबल वापरत असाल तर ‘ऑटो अ‍ॅडजस्ट’ दाबण्यापूर्वी पडदाभर पांढरे पान उघडावे. व्हीजीएमध्ये आडव्या ठिपक्यांची संख्या सिग्नलबरोबर येत नाही. मॉनिटर ती ओळींच्या वेगावरून आणि चित्राच्या कडांवरून ताडतो. काळसर डेस्कटॉपवर त्याला कडाच सापडत नाहीत. १४०० × १०५० आणि १६८० × १०५० यांच्यात मॉनिटरची गफलत होते तीही यामुळेच, कारण दोन्हींच्या ओळींचा वेग जवळजवळ सारखा असतो.

१८.५ इंची मॉनिटरबद्दल येथेच एक गोष्ट नोंदवतो. काही जुने ड्रायव्हर त्याला १३६६ × ७६८ ऐवजी १३६० × ७६८ देतात. ओळखपत्रातील प्रमाणित रिझोल्यूशनची आडवी संख्या आठच्या पटीतच लिहिता येते आणि १३६६ ला आठाने भाग जात नाही. मूळ आकड्यासाठी त्याच ओळखपत्रात वेगळा, सविस्तर भाग असतो, पण तो न वाचणारा ड्रायव्हर असला की हे सहा ठिपके हरवतात आणि अक्षरांच्या उभ्या रेषांशेजारी करडी सावली येते.

सुरू करण्याचा क्रम

संगणक बंद करावा, मॉनिटर आणि सीपीयू या दोहोंचे प्लग भिंतीवरून काढावेत, दोन-तीन मिनिटे थांबावे, मग आधी मॉनिटर आणि नंतर सीपीयू सुरू करावा. हा उपाय भाबडा वाटतो, पण त्याला कारण आहे. एचडीएमआयमध्ये (टीव्हीलाही असणारी, विनास्क्रूची नवी जोडणी) मॉनिटर जोडला गेल्याची खूण देणारी स्वतंत्र पिन असते, तशी व्हीजीएमध्ये नसते. त्यामुळे संगणक ओळखपत्र मागतो ते मुख्यतः सुरू होताना, आणि त्या क्षणी मॉनिटर मेलेला असेल तर उत्तर येत नाही. वास्तविक व्हीजीएच्या ९ क्रमांकाच्या पिनमधून संगणक ५ व्होल्ट देतो, ज्यावर मॉनिटर बंद असतानाही ती स्मृती-चिप वाचता यावी. परंतु बाजारातील पुष्कळ केबलमध्ये ९ व्या जागी पिनच नसते. अशी केबल असलेल्या घरात सीपीयू यूपीएसवर आणि मॉनिटर साध्या बोर्डावर असला, तर लाइट जाऊन आल्यावर किंवा बोर्डाचे बटण मागाहून लावल्यावर रिझोल्यूशन पडणारच. दोन्ही एकाच यूपीएसवर घेतले की तक्रार थांबते.

केबल

आतापर्यंत काही फरक पडला नसेल तर केबलकडे वळावे. माझ्या मते या बिघाडाची सर्वाधिक कारणे येथेच सापडतात, म्हणून ही तपासणी घाईने उरकू नये.

दोन्ही यंत्रे बंद करून व्हीजीए केबलचे दोन्ही बाजूंचे स्क्रू सोडवावेत आणि टोक सरळ ओढून काढावे. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून आत पाहावे. पिनांच्या तीन ओळी असतात, प्रत्येकीत पाच. लाल, हिरवा आणि निळा हे रंग १, २ आणि ३ या पिनांवरून येतात, चित्र जागेवर धरणारे दोन संकेत १३ आणि १४ वरून येतात, तर ओळखपत्र वाचण्याचे काम १२ आणि १५ या दोनच पिनांवर चालते. म्हणजे १२ वी पिन वाकून तळाशी आडवी झाली असेल तर रंग, उजेड, स्थिरता सगळे काही निर्दोष राहते आणि रिझोल्यूशन तेवढे चुकते. टेबल भिंतीला लावताना किंवा झाडझूड करताना एका बाजूचाच स्क्रू घट्ट असलेली केबल तिरकी होते आणि कोपऱ्यातल्या व त्याच्या आसपासच्या पिनांवर ताण येतो. सुटलेले टोक पुन्हा अंदाजाने दाबले की पिन वाकते. मधल्या ओळीत एक जागा मोकळी दिसली तर ती वर सांगितलेली ९ वी पिन होय. ती तुटलेली नसून मुळातच बसवलेली नसते.

वाकलेली पिन सरळ करता येते. शिसे काढलेल्या यांत्रिक पेन्सिलीची पोकळ धातूची नळी पिनवर हलकेच सरकवून ती सावकाश उभी करावी. पक्कड वापरू नये, कारण पिन एकदाच सरळ होते आणि दुसऱ्यांदा वाकवली की तुटते. मात्र ही दुरुस्ती केवळ निदानापुरती समजावी. जेल रोडवरच्या किंवा आर. एन. टी. मार्गाच्या बाजूच्या संगणक-दुकानांत साधी केबल शे-दोनशे रुपयांच्या घरात मिळते, तेव्हा सरळ केलेल्या पिनेवर वर्षे काढण्यात अर्थ नाही. दुकानात टोकाचे झाकण काढून घेऊन पिना मोजाव्यात आणि १२ व १५ या दोन्ही जागी पिना आहेत ना, हे पाहूनच पैसे द्यावेत.

एचडीएमआय केबलमध्ये पिना डोळ्यांनी तपासता येत नाहीत. तिथेही ओळखपत्रासाठी १५ आणि १६ अशा स्वतंत्र तारा असतात आणि त्यांतली एक आतून तुटली तर हेच घडते. तपासण्याचा मार्ग एकच : चालू असल्याची खात्री असलेली दुसरी केबल लावून पाहणे. आणि कृपया एका वेळी एकच वस्तू बदलावी. केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर एकदम बदलले आणि चित्र सुधारले, तर कशाने सुधारले ते कळत नाही आणि बिघडलेली केबल ‘जादा’ म्हणून कपाटात जाऊन पुढच्या वर्षी दुसऱ्या संगणकाला लागते.

मधले दलाल

संगणक आणि मॉनिटर यांच्यामध्ये कन्व्हर्टर, स्प्लिटर (एकच चित्र अनेक पडद्यांना देणारा), केव्हीएम स्विच (एकच मॉनिटर-कीबोर्ड अनेक संगणकांना जोडणारा) किंवा लांबवणारी जोडकेबल असेल, तर ती सगळी काढून सरळ जोडणी करून पाहावी. एचडीएमआयचे व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर संगणकाच्या पोर्टमधूनच वीज घेतो आणि एचडीएमआयच्या मानकानुसार पोर्टने किमान ५५ मिलिअँपिअर द्यावेत एवढीच हमी असते. कन्व्हर्टरची भूक त्याहून जास्त असली की तो गरम झाल्यावर रिझोल्यूशन पाडतो किंवा मधूनच पडदा काळा करतो. ज्या कन्व्हर्टरला यूएसबीने वेगळी वीज देण्याची सोय असते, तो घ्यावा. स्वस्त स्प्लिटर बहुधा पहिल्या तोंडाला जोडलेल्या पडद्याचेच ओळखपत्र पुढे पाठवतात, म्हणून तेथे प्रोजेक्टर असेल तर मॉनिटरलाही प्रोजेक्टरचे रिझोल्यूशन मिळते. केबल अदलाबदल करून पाहणे हा त्यावर फुकटचा इलाज आहे.

पोर्टची कुवत

सीपीयूमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड असताना केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली असणे ही नेहमीची चूक आहे. कार्डाची पोर्ट खाली, आडव्या रांगेत असतात. केबल तेथे लावावी. दुसरी बाब मोठ्या पडद्यांची. डीव्हीआय या जोडणीचा साधा, सिंगल-लिंक प्रकार १९२० × १२०० च्या पुढे जात नाही, म्हणून २५६० × १४४० चा मॉनिटर त्यावर अपुराच चालतो. एचडीएमआय १.४ वर ३८४० × २१६० मिळते, पण सेकंदाला ३० चित्रेच, आणि माउस अडखळत चालल्यासारखा वाटतो. ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ (आणखी एक नवी जोडणी) लागतो. येथे काहीही बिघडलेले नसते, त्यामुळे दुरुस्तीही करता येत नाही.

अदलाबदल

दुसरा मॉनिटर किंवा दुसरा संगणक शेजारीपाजारी उपलब्ध असेल तर ड्रायव्हरच्या वाटेला जाण्यापूर्वी ही चाचणी करावी. आपला मॉनिटर त्याच केबलसह दुसऱ्या संगणकाला लावल्यावर ठीक चालला, तर मॉनिटर आणि केबल दोन्ही निर्दोष आहेत आणि शोध आपल्या संगणकात घ्यायचा आहे. तेथेही तोच दोष दिसला तर केबल बदलावी, आणि तरीही दोष राहिला तर मॉनिटरची स्मृती-चिप किंवा त्याचे पोर्ट खराब आहे. जुन्या मॉनिटरमध्ये प्रत्येक पोर्टाची स्मृती-चिप पुष्कळदा वेगळी असते, म्हणून व्हीजीए बिघडलेला मॉनिटर एचडीएमआय किंवा डीव्हीआयवर सुरळीत चालू शकतो. तसे झाले तर त्याच पोर्टवर ठेवावा आणि विषय मिटवावा.

ड्रायव्हर

येथपर्यंत आल्यावरच ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावे, आणि त्यातील दोन नावे वेगवेगळी वाचावीत. ‘डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्स’खाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ असे दिसत असेल, तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर चढलेलाच नाही आणि विंडोज कामचलाऊ ड्रायव्हरवर चालली आहे. रिझोल्यूशन बदलता न येणे हा त्याचाच परिणाम आहे. याउलट तेथे ग्राफिक्सचे नाव बरोबर असून ‘मॉनिटर्स’खाली ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’ असे असेल, तर ड्रायव्हर ठीक आहे आणि ओळखपत्र आलेले नाही, म्हणजे पुन्हा केबलकडे जायचे. ‘जेनेरिक पीएनपी मॉनिटर’ हे नाव मात्र निरोगी आहे. एका ‘नॉन’ या अक्षरावर सगळे निदान फिरते.

ड्रायव्हर नसेल तर तो संगणकाच्या, मदरबोर्डच्या किंवा ग्राफिक्सच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून मॉडेल क्रमांक पाहून घ्यावा. ‘सर्व ड्रायव्हर आपोआप शोधून देतो’ असे म्हणणारी सॉफ्टवेअर टाळावीत. विंडोज अपडेटनंतर बिघाड सुरू झाला असेल तर ग्राफिक्सच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हा पर्याय उपलब्ध आहे का, ते पाहावे. संगणक झोपेतून उठल्यावर रिझोल्यूशन बिघडत असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि ‘बी’ ही चार बटणे एकत्र दाबावीत. ग्राफिक्स ड्रायव्हर जागेवरच पुन्हा सुरू होतो, पडदा क्षणभर मिटतो आणि उघडलेली कामे शाबूत राहतात. फार जुन्या मदरबोर्डसाठी निर्मात्याने नव्या विंडोजचा ड्रायव्हर काढलेलाच नसेल, तर साधे ग्राफिक्स कार्ड बसवणे किंवा आहे तसे चालवणे, एवढेच दोन मार्ग उरतात.

शंका राहिली तर पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन, ते डिस्कवर न चढवता, तात्पुरते सुरू करून पाहावे. तेथे रिझोल्यूशन आपोआप बरोबर आले तर दोष विंडोजच्या बाजूला आहे. तेथेही १०२४ × ७६८ च आले तर विंडोज नव्याने टाकण्याचा विचार सोडून द्यावा. फक्त लिनक्स ‘सेफ ग्राफिक्स’ या पर्यायाने सुरू केलेले नसावे, कारण त्यात रिझोल्यूशन मुद्दामच कमी ठेवलेले असते.

शेवटचा घरगुती उपाय

केबल नवी, पोर्ट ठीक, ड्रायव्हर योग्य, आणि तरीही मॉनिटर ओळख देत नसेल, तर ग्राफिक्सच्या नियंत्रण-पटलात ‘कस्टम रिझोल्यूशन’ तयार करून मूळ आकडे आणि ६० हर्ट्झ हाताने भरता येतात. मॉनिटरची स्मृती-चिप गेलेली असताना हा उपाय उत्तम चालतो आणि जुना मॉनिटर त्यावर निभावून नेता येतो. मूळ रिझोल्यूशनपेक्षा मोठा आकडा किंवा उगाच जास्त हर्ट्झ भरू नयेत. पडदा काळा पडून राहिलाच तर विंडोजच्या ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून ‘एनेबल लो-रिझोल्यूशन व्हिडिओ’ निवडून परत येता येते. काचेच्या नळीचा जुना मॉनिटर असेल तर हा प्रयोग मुळीच करू नये.

कोठे थांबावे

मॉनिटरचे मागचे झाकण घरी उघडू नये, हा नियम मी कोणासाठीही शिथिल करत नाही. आपल्याकडील २३० व्होल्टची वीज आतील मुख्य कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टने साठते आणि प्लग काढल्यानंतरही ती काही काळ तेथेच राहू शकते. जळका वास, आतून येणारी गुणगुण, पडद्यावर कायमच्या उभ्या रेषा, चित्राबरोबर उजेडाचेही लुकलुकणे, पोर्ट बोटाने हलणे किंवा केबल हलवली की चित्र जाणे-येणे, यांपैकी काहीही दिसले तर प्लग काढून तंत्रज्ञाला बोलवावे. ज्येष्ठ-आषाढातल्या गडगडाटी पावसानंतर एकाच वेळी मॉनिटरची ओळख आणि घरातील आणखी एखादे उपकरण गेले असेल, तर आधी वीजतंत्रीकडून अर्थिंग तपासून घ्यावे. माळव्यातील काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि पाणी न घातलेल्या अर्थिंगच्या खड्ड्याचा प्रतिरोध वाढतो; ते न सुधारता आणलेला नवा मॉनिटरही त्याच वाटेने जाऊ शकतो. वॉरंटी शिल्लक असेल तर स्थानिक दुकानात न उघडता थेट अधिकृत केंद्रात द्यावा.

स्मृती-चिपमधील माहिती पुन्हा लिहिणे किंवा चिप बदलणे हे काम होऊ शकते, पण ते प्रोग्रामर (चिपमध्ये माहिती लिहिणारे यंत्र) हाताळणाऱ्या माणसाचेच आहे, आणि १८.५ इंची जुन्या मॉनिटरवर तो खर्च करावा असे मला वाटत नाही. २७ इंची चांगल्या मॉनिटरवर जरूर करावा.

तंत्रज्ञ येईल तेव्हा त्याला मॉनिटरचा मॉडेल क्रमांक, ‘इन्फॉर्मेशन’ पानावरील आकडा, ‘डिव्हाइस मॅनेजर’मधील ती दोन नावे आणि बिघाड केव्हा परत येतो याची नोंद द्यावी. त्याने पाहताक्षणी फॉरमॅट सुचवला, तर त्याचा स्वतःचा मॉनिटर आणि स्वतःची केबल आपल्या संगणकाला समोर लावून दाखवण्याची विनंती करावी. त्या जोडणीवर पूर्ण रिझोल्यूशन आले, तर विंडोजला हात लावू देऊ नये.